आतली हवा

ऊसतोडणीचं मशीन दारात आलं त्या दिवशी जिनेश मगदूम दुपारचं जेवायचंच विसरला. मशीन जुनं, दोन-चार हातांतून फिरलेलं. पण नेसरीच्या रानात ते चालवणारी पहिली बाई त्याच्या घरातली असणार होती, म्हणून गडी नुसता हवेत होता.

ती बाई म्हणजे त्याची बायको, स्नेहल. ट्रॅक्टर ती झोकात चालवायची, रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. नडायचा तो दमा. धुळीचा एक लोट आला की छातीत शिट्टी वाजायची, मग पंप, मग उशीला टेकून बसून काढलेली रात्र. उघड्या मशीनवर हंगाम काढणं तिला जमणारच नव्हतं. पण ह्या मशीनला काचेची बंद कॅबिन होती आणि कॅबिनला एसी होता. एसी चालला तर सीटवर स्नेहल, नाही तर बाहेरचा डायवर, असं घरात ठरलं होतं. स्नेहलनं त्या दिवशी मशीनला तीनदा प्रदक्षिणा घातली असेल, आणि प्रत्येक वेळी काचेला नाक लावून आत बघितलं.

एसी मात्र पार कोंदला होता. ब्लोअर घुरघुरायचा आणि जाळीतून चहा गार करायला फुंकावी एवढीच हवा यायची. गडहिंग्लजहून आकाराम मिस्त्री आला. त्यानं बाहेरचा फिल्टर काढला, तर काळी माती आणि पाचटाचा भुगा भाकरीएवढा जाड थापलेला. तो झाडला, कूलिंग कॉइल पाण्यानं धुतली, पाणी जायची नळी तारेनं मोकळी केली. चिखल वाहायचा थांबेना. शेवटी ब्लोअर लावला आणि आतून असा गार झोत आला की स्नेहल सीटवर बसल्या बसल्या टाळ्या पिटायला लागली. जिनेशला तर काय करू नि काय नको असं झालं.

निघताना आकारामनं एक बजावलं. बाहेरची हवा घ्यायची झडप जरा उघडी ठेवायची, नुसती आतलीच हवा आत फिरवायची नाही. जिनेशनं मान डोलावली, आणि मिस्त्रीची गाडी वळणाआड जाताच झडप बंद करून वर चिकटपट्टी मारली. इकडं सगळेच डायवर तसं करतात. बाहेर एवढा धुरळा, तर बाहेरची हवा घ्यायचीच कशाला? शिवाय बायकोचा दमा.

पहिल्या दिवशी स्नेहलनं ऊस असा पाडला की बांधावर माणसं गोळा झाली. संध्याकाळी उतरली ती हसत, शिट्टी नाही, खोकला नाही. "अवो, श्वास बघा की माझा," म्हणाली, आणि भरभरून श्वास घेऊन दाखवला. जिनेशच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग तो कंप्रेसर घेऊन फिल्टर साफ करायला बसला. बाहेरचा काळा होता, तो असणारच. आतला, कॅबिनमधलीच हवा गाळणारा, त्यानं कॅबिनच्या मागच्या खणातून ओढला, तर तो पांढराशुभ्र. बोट लावलं. मऊ. नाकाशी नेलं, तर ताज्या दळणाचा वास, आणि पीठ अजून कोमट. स्नेहलच्या वडिलांची गगनबावड्याला पिठाची गिरणी होती. त्या पिठातच तिचं बालपण गेलं आणि तिथंच दमा लागला, असं डॉक्टर म्हणायचे. जिनेशला वाटलं, बघा, छातीत बसलेलं निघालं! असलं काही होत नसतं हे बी.एस्सी. झालेल्या माणसाला कळत होतं. पण आनंदच एवढा होता की त्यानं कंप्रेसरचा झोत मारून ते पीठ उसावर उडवून दिलं आणि धावत तिला सांगायला गेला.

"कसली गिरणी?" स्नेहल म्हणाली.

ती चेष्टा करतेय असं त्याला वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी आतल्या फिल्टरमधून तांबडी माती निघाली, घाटमाथ्यावरची, तिच्या माहेराकडं असते तशी, ओलसर. मशीन तर काळ्या रानातून हललं नव्हतं. त्यानं आकारामला फोन लावला.

आकारामनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झडप उघडी हाय न्हवं?"

"व्हय की," जिनेश खोटं बोलला.

सकाळी त्यानं सहज विचारल्यासारखं तिला वडिलांचं नाव विचारलं. स्नेहलनं वेणी घालता घालता विचार केला, बराच केला, आणि ओशाळून हसली.  तो तडक मशीनकडं गेला, चिकटपट्टीचं टोक नखानं उचकटलं. तेवढ्यात मागून ती आली, गाणं म्हणत. लग्न झाल्यापासून एक कडवं तिनं सलग म्हटलं नव्हतं, धाप लागायची. आता ती गात गात शिडी चढली आणि वर जाऊनही गातच होती.

त्यानं पट्टी परत दाबून बसवली. उद्या बघू म्हणाला.

त्या दिवशी तो रानात गेला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मगदुमांच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात, म्हणून आईनं, राजमतीनं, सुनेचा डबा त्याच्याकडं दिला होता. कडेवर ऐश्वर्या होती, त्यांची लेक, नुकती बोलायला लागलेली. मशीन उसाच्या कडेला थांबलं होतं. आत स्नेहल गुणगुणत होती.

डबा खाली ठेवून त्यानं आधी मागचा खण उघडला.

फिल्टर पिवळा होता. हळद. त्यांच्या लग्नाच्या मांडवातली, तेल घालून कालवलेली, तोच वास.

त्यानं बोटानं खरवडलं. हळदीखाली पांढरी पूड होती, पिठासारखी नव्हे. गोड वासाची. रोज आंघोळीनंतर लेकीच्या अंगाला लावतात ती.

जिनेशनं ह्या खेपेला कंप्रेसरला हात लावला नाही. ती पूड मुठीत गच्च धरून तो पुढं पळाला.

कॅबिनचं दार उघडलं. स्नेहल खाली उतरली, टवटवीत, गाल लाल. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि छान हसली.

"पावणं, लांबनं आलासा वाटतं? दिवस मावळायच्या आत दोन घास खावा की."

ऐश्वर्यानं तिच्याकडं दोन्ही हात पसरले. "आई," म्हणाली.

स्नेहलनं डबा उघडला, भाकरीचा मऊ तुकडा मोडून पोरीच्या हातात दिला आणि काळजीनं जिनेशला विचारलं,

"हिची आई कुठं हाय?"