सीलबंद श्वास

सात वाजता क्रशर सुरू व्हायचा. त्याआधी काळदऱ्याच्या खाणीवरचे एकशे चाळीस जण पत्र्याच्या शेडपाशी रांग लावून छातीला पट्टी बांधून घ्यायचे. बायका पोलक्यावरून, पुरुष बनियनवरून. पट्टी चार बोटं रुंद, राखाडी, आणि तिला बोटाच्या पेराएवढे दोन कान. आतला कान श्वासाचा आवाज ऐकून फुप्फुस किती कडक झालं ते मोजायचा. बाहेरचा कान त्याच क्षणी नाकासमोर किती धूळ आहे ते मोजायचा. दोन्ही नोंदी आवाजासकट शेजारी शेजारी बसायच्या, दिवसभर, श्वासागणिक. ज्यांनी ही श्वासपट्टी शोधली त्यांना वाटलं होतं, आता दगड फोडणाऱ्याला ‘तुझा खोकला विडीचा आहे’ असं कुणी म्हणू शकणार नाही. विज्ञान बिचारं भोळं असतं.

कारण पट्टीच्या पाठोपाठ कायदा आला. दगडाच्या धुळीनेच आजार झाला हे सिद्ध करायचं तर त्या माणसाची कामावरची सलग तीन वर्षांची मूळ नोंद हवी. सारांश चालणार नाही. नोंद संगणकाच्या एकाच साठवण-डबीत हवी; दुसरी प्रत निघाली की पहिलीही बाद. हा नियम कुणाच्या दिवाणखान्यात बसून लिहिला ते सांगायला नको. सिद्ध झालं तर आजाऱ्यांना आयुष्यभर उपचार आणि खाणीवर पाण्याचे फवारे, बंदिस्त क्रशर. नाही झालं तर विडी.

खाणकामगार संघटनेची नोंद रेणुका कुसाळकर सांभाळायची. दहावीत शाळा सुटली होती. संगणक ती भंगारातले उघडून उघडून शिकली. पहिली डबी तिने हार्ड डिस्कची घेतली. तीन महिने नीट गेले. मग एका दुपारी सुरुंग उडाला, शेड हादरलं आणि डबीतून टक् टक् आवाज यायला लागला.

हणमंता धोत्रे तेव्हा पट्टी परत द्यायला आला होता. पन्नाशीतला पाथरवट, दोन वाक्यांमध्ये थांबून दम घेणारा.

“ही का कण्हती गं?”

“आत तबकडी फिरते, मामा. वर सुई तरंगते, टेकत न्हाई. मधली फट तुमच्या धुळीच्या कणापेक्षाही बारीक. हादरा बसला, सुई टेकली, तबकडी खरवडली.”

“मंजी आमच्या छातीगतच.”

“तसंच.”

तीन महिन्यांची नोंद गेली. नियमाप्रमाणे पुन्हा शून्यापासून सुरुवात. रेणुका शहरात जाऊन नवी डबी घेऊन आली, सॉलिड स्टेट ड्राइव्ह. हातात धरली तर सुपारीच्या डबीएवढी हलकी. तिने ती सगळ्यांसमोर टेबलावर आपटून दाखवली.

“यात फिरणारं काही न्हाईच. बारीक बारीक कप्पे आहेत, आणि कप्प्यात विजेचे कण कोंडलेले. कुठल्या कप्प्यात किती कोंडले त्यावरनं नोंद वाचायची. सुरुंग उडू दे न्हाईतर डोंगर पडू दे.”

हणमंताने डबी कानाला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

“आवाजच न्हाई हिला.”

“नसतोच.”

“दगुड फुटायच्या आधी बोलतो, पोरी. म्हणून आमी बाजूला सरतो. ही मरायला लागली तर कळायचं कसं?”

“ही मरत न्हाई, मामा.”

मागे त्याची बायको तायव्वा पदराने कपाळ पुसत उभी होती. “बोलकी पायजेल व्हय तुला?” ती म्हणाली. “घरात हाय एक, तिचं कवा ऐकलंस?”

रांग हसली. हणमंताही हसला आणि मग खोकत बसला.

त्या डबीने शब्द पाळला. तीन वर्षांत सुरुंग किती उडाले, उन्हाळे किती आले, एक ओळ गळली नाही. एकशे चाळीस छात्या रोज तिच्यात लिहिल्या जात होत्या.

आता ती व्यवसायरोग लवादात द्यायची होती, आणि काळदऱ्याचा लवादावर विश्वास नव्हता. का असावा? पूर्वी एकदा खाणीवरच्या हवेचे नमुने तिथे दिले होते. अहवाल आला तो समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेचा असावा असा. म्हणून रेणुकाने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला: डबी लोखंडी पेटीत ठेवावी, पेटीला लाखेचं सील करावं, अंतिम सुनावणीपर्यंत कोणीही, कोणत्याही कारणाने ती उघडू नये, तिला कोणतीही वायर लावू नये. खाली तिची सही आणि एकशे चाळीस अंगठे.

मालकांच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. उलट, अर्ज योग्य आहे असं म्हणाले. तिथेच तिला संशय यायला हवा होता. पण जिंकल्यासारखं वाटत असताना संशय कुठे येतो?

पेटी लवादाच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात गेली. मे महिन्यात त्या कपाटाला हात लावला तर चटका बसायचा. सुनावणीला तारखा पडत गेल्या.

दुसऱ्या वर्षी रेणुकाच्या हाती तशाच एका डबीची माहितीपुस्तिका लागली. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत: बराच काळ वीज न दिल्यास नोंद पुसट होऊ शकते, अतिवापरानंतर व उष्ण जागी हा काळ कमी होतो. तिने ते वाक्य चार वेळा वाचलं. कोंडलेले विजेचे कण कप्प्याच्या भिंतीतून हळूहळू पाझरतात. भिंत जितकी झिजलेली, जागा जितकी तापलेली, तितके लवकर. चालू यंत्राला जोडली तर डबी स्वतःच आपले कप्पे तपासून ओसरत आलेले पुन्हा भरते. काळदऱ्याच्या डबीच्या भिंती तीन वर्षं लिहून लिहून झिजल्या होत्या, आणि ती पत्र्याखाली, विजेशिवाय पडली होती.

तिने पुन्हा अर्ज केला. सगळ्यांसमोर फक्त चार तास वीज द्या.

मालकांचे वकील उभे राहिले आणि त्यांनी एक कागद शांतपणे वाचून दाखवला. कोणीही, कोणत्याही कारणाने. कोणतीही वायर. “सही आपलीच आहे ना, बाई?”

अर्ज फेटाळला गेला.

त्याच उन्हाळ्यात हणमंता गेला. शेवटचे पंधरा दिवस त्याला आडवं होता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसायचा. रेणुका भेटायला गेली तेव्हा त्याने नाकातली ऑक्सिजनची नळी बाजूला केली.

“माझं हाय न्हवं त्यात?”

“हाय, मामा. सगळं हाय.”

सील झाल्यापासून सहा वर्षांनी पेटी उघडली. तोवर एकशे चाळिसांतले त्रेसष्ट गेले होते. उरलेल्यांपैकी चालू शकत होते ते लवादाच्या व्हरांड्यात बसले होते. सील शाबूत आहे, असं आधी लिहून घेतलं गेलं. दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. मग लवादाचे तंत्रज्ञ निसार अत्तार यांनी डबीला वायर लावली आणि पडद्याकडे पाहत राहिले. पंधरा मिनिटांनी त्यांनी चष्मा काढला.

“डबी चालू आहे. आत काही राहिलं नाही.”

“कुणी पुसलं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“कुणीच नाही, मॅडम. कुणी हात लावला असता तर कदाचित राहिलं असतं.”

मालकांचे वकील म्हणाले, मुळात नोंद झालीच नव्हती असंही यातून दिसतं. बाहेर कुणीतरी खोकत होतं, थांबत नव्हतं. अध्यक्षबाईंनी निर्णय लिहवून घेतला: संघटनेला हवं असल्यास तीन वर्षांची नोंद नव्याने करता येईल. रेणुकाने विचारलं, “आणि जे गेले त्यांची?” कारकुनाने तेही लिहून घेतलं: मृतांची नोंद नव्याने करता येत नाही.

जिन्यात अत्तार तिच्या मागून उतरले.

“पहिली हार्ड डिस्क मोडली म्हणालात. टाकलीत का?”

“न्हाई. का?”

“चुंबकाची खूण जागेवर बसलेली असते. वीज असो नसो, ती वर्षानुवर्षं राहते. सुई मेली असेल, पण तबकडी सगळी मेली नसेल. आणून द्या. लवादाचं काम म्हणून नाही, असंच.”

आठ दिवसांनी त्यांनी तिला बोलावलं. नवी सुई बसवून तबकडी वाचली होती. खरवडलेल्या पट्ट्यांच्या कडेला एक बारीकसा पट्टा शाबूत होता. त्यात सात जणांचे तुकडे. हणमंता धोत्रेची अकरा मिनिटं.

तायव्वा आता काठी घेऊन चालायची. तीही त्याच खाणीत तीस वर्षं खडी फोडत होती. रेणुकाने तिला ओट्यावर बसवलं, मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला आणि आवाज लावला. घरघर. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना खरखर, जशी वाळूतून गोणी ओढावी. मधेच छातीच्या आतून घुमल्यासारखं काहीतरी बोलणं.

“काय म्हणतायत ते कळत न्हाई,” रेणुका म्हणाली.

“पानी मागतोय.” तायव्वाने मोबाइलवर तळवा ठेवला. “मला.”

अकरा मिनिटं संपली. तायव्वा पुन्हा लाव म्हणाली नाही.

“हे चालंल का तितं?”

“न्हाई, अव्वा. तीन वर्षं सलग पाहिजे.”

“त्यानं तुला इचारलं, तवा होतं का त्यात?”

रेणुकाला खोटं बोलता आलं असतं. “ठाऊक न्हाई. तेव्हाच गळत असंल. मी हाय म्हणाले.”

“म्हनालीस. मी तितंच बसले हुते.” तायव्वाने तिच्याकडे पाहिलं नाही. “त्येच्यावर इश्वास ठिवून गेला त्यो.”

क्रशरची धूळ उतारावरून वस्तीकडे सरकत होती. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसताना दिसायची नाही. नंतर झटकताना कळायचं.

“पट्टी दे मला,” तायव्वा म्हणाली. “उद्यापास्नं जाते.”

“तू? तुला दहा पावलं चालवत न्हाई.”

“खडी बसूनच फोडत्यात.”

“मी देणार न्हाई.”

“मग कुनाला देनार? ज्येंची छाती धड हाय त्येंच्या नोंदीत आजार गावंल का? आजाऱ्यालाच जावं लागंल.” ती थांबली. दम घेतला. “परवा डाक्टर बोलला, घरात गप बसली तर चार-पाच वर्सं काडशील. धुळीत गेलीस तर दोन. बराबर बोलला न्हवं त्यो?”

रेणुकाने तिच्या मांडीवरचा मोबाइल उचलून घेतला.

“कायदा तीन मागतोय. माज्याकडं दोन हायत. उरल्यालं एक कुनाच्या छातीतनं आनून लावनार हाईस, रेणुके?”