हडळीनं कोणत्या हातानं वाढलं?

माणिकरावांचा गोठा पेटला तेव्हा निम्मं चारठाणा गाव तंबूत भुताचा सिनेमा बघत होतं. आत बांधलेले दोन बैल जळून मेले. तासाभरात फौजदार दिनकररावांनी आरोपी धरलासुद्धा. एरवी शेळी चोरीला गेली तर या माणसाला आठवडा लागतो.

आरोपी नागनाथ. नामांतराच्या मोर्च्याला औरंगाबादेपर्यंत जाऊन आलेला, म्हणजे निम्मा गुन्हा तिथंच शाबीत. आदल्याच आठवड्यात त्याला शाळामास्तरची ऑर्डर आली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत रुजू व्हायचं, नाही तर ऑर्डर रद्द. आणि हा मंगळवारपासून कोठडीत.

साक्षीदार एकच, माणिकरावांचा पुतण्या तात्याराव. नागनाथ म्हणत होता, मी शेवटपर्यंत तंबूत होतो. तात्याराव म्हणत होता, मधूनच उठून गेला, माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शुक्रवारी दुपारी विरुपाक्ष गुरुजींनी सगळ्यांना चहाला बोलावलं. नागनाथ आणि तात्याराव, दोघंही त्यांच्या हाताखाली शिकलेले. गुरुजींनी फौजदाराला गळ घातली, की आरोपीलाही आणा, आपण सगळे मिळून तो सिनेमा पहिल्यापासून आठवू. फौजदार हसला, पण आला. गुरुजींचा चहा फुकट होता.

ओसरीवर माणिकराव, तात्याराव आणि दुकानवाल्या सुलाबाई बसल्या. नागनाथला हातकडीसकट पायरीवर बसवलं.

गुरुजींनी एकेक प्रसंग घेतला. लग्न झालं. नवरी घरात आली. विहिरीतून हसण्याचा आवाज आला. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. सुलाबाईंनी तर नवरीच्या लुगड्याचा काठसुद्धा सांगितला.

"आता पंगत," गुरुजी म्हणाले. "नवरी हडळ आहे हे कसं कळलं?"

"रोज उजव्या हातानं वाढायची," सुलाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी डाव्या हातानं वाढलं. डाव्या हातानं कोण वाढतंय हो? अख्ख्या तंबूनं बोंब मारली."

"तुम्ही कुठं बसला होतात?"

"बायकांच्या बाजूला. पडद्याच्या पुढंच की."

गुरुजींनी तात्यारावकडं पाहिलं. "तू?"

"आदल्या दिवशी पुढं खुर्चीत बसून पाह्यला. मंगळवारी पडद्यामागं उभा होतो. ह्या नागनाथच्या वस्तीची बसायची जागा तिथंच हाय. गोंधळ नको म्हणून नजर ठेवायला गेलतो."

"मग काय दिसलं?"

"हेच. नवरीनं डावा हात पुढं केला, लोक ओरडले, अन् नागनाथ उठून गेला. गोठा तवाच पेटला."

फौजदारानं मान डोलावली. गुरुजी नागनाथकडं वळले.

"तू सांग."

"गुरुजी, मला ती पंगत कळलीच न्हाई. बाई आधी डाव्या हातानं वाढायलती. मग एकदा उजव्यानं वाढलं, तर पुढची माणसं ओरडली. आमी एकमेकांकडं बघायलो, की झालं काय?"

सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. तात्याराव मोठ्यानं हसला. "बघा. यानं सिनेमाच पाह्यला न्हाई."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पातळ कागदावर शाईनं एक मोठा 'क' काढला, उन्हात धरला आणि फौजदाराला मागून बघायला सांगितलं. फौजदार मागं गेला, आणि तिथंच घोटाळला.

"उलटा दिसतोय," तो म्हणाला.

"पडद्याचंही तसंच," गुरुजी म्हणाले. "पुढून डावा तो मागून उजवा. मागं बसणाऱ्याला हडळ उजव्या हातानंच वाढताना दिसणार. नागनाथनं जे सांगितलं ते फक्त मागं बसलेल्यालाच सांगता येतं. आणि तात्या, तू मागं असतास तर तुला डावा हात दिसला नसता. तू आदल्या दिवशीचा सिनेमा सांगितलास."

तात्याराव चपला शोधायला लागला.

"जन्मात कधी तिथं बसला नाहीस, म्हणून तुला हे ठाऊक नाही. पुढं नव्हतो हे तूच सांगितलंस. मागंही नव्हतास. मग गोठा पेटला तेव्हा होतास कुठं?"

उत्तर माणिकरावांनी मागितलं. ते उठले, पुतण्याच्या समोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बोल की रं."

"मला वाटलं गडी बैल सोडून घेऊन गेला असंल," तात्याराव म्हणाला. "निस्ता कडबा जाळायचा होता, काका. ह्यो मास्तर होऊन आपल्याच पोरांना शिकवणार, अन् आपण बघत बसायचं?"

माणिकराव खाली बसले. त्यांना बैलांचं दुःख होतं. बाकी कशाचं होतं, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

फौजदारानं तात्यारावला ताब्यात घेतलं. मग घसा खाकरून गुरुजींना बाजूला नेलं. आरोपीला असं सोडता येत नाही म्हणाला, कोर्टाचा हुकूम लागतो. आणि जिंतूरचं कोर्ट आज जाईपर्यंत उठेल, उद्या सुट्टी, मग थेट सोमवारी उघडणार.

"उद्या रुजू व्हायचंय त्याला," गुरुजी म्हणाले.

"कायदा आहे, गुरुजी."

म्हाताऱ्या गुरुजींनी कपबशी खाली ठेवली. ते पायरीवर नागनाथच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या हे आधी ध्यानात यायला हवं होतं, म्हणाले. माफ कर.

"तुमचं काय चुकलं?" नागनाथ म्हणाला. "पर एक सांगा, गुरुजी. पडद्यामागं माझ्याशेजारी चाळीस माणसं बसलती. मंगळवारपासून ठाण्याच्या दारात उभी हायेत, नागनाथ आमच्यासंगं होता म्हून सांगायलीत. त्यांचं कुणी लिहूनसुद्धा घेतलं न्हाई. हडळीचा हात तेवढा खरा धरला."