सगळ्या खोल्या

कपड्यांच्या कपाटात बसून प्रेमाची कबुली देणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण ती पोटासाठी कादंबऱ्या मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची, आणि घरातली सगळ्यात शांत जागा तीच होती. आज संध्याकाळपर्यंत शेवटचं प्रकरण द्यायचं होतं.

"तुझी नायिका प्रेमात पडल्यासारखी नाही, रांगेत उभी असल्यासारखी बोलते," स्टुडिओच्या बाईंनी बजावलं होतं. "याही वेळी तसंच झालं, तर पुढची पुस्तकं दुसऱ्या आवाजाला."

तिने डोळे मिटले. श्वास घेतला. "मला तुझ्याशिवाय—"

"बाबा, कवळी घाला!" घरातले सगळे स्पीकर एका सुरात गरजले.

ती तणतणत शेजारी गेली. शेजारी नुकताच राहायला आलेला दंतवैद्य. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे कमी ऐकू येणारे वडील. डॉक्टरांचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात, म्हणून वडिलांना निरोप स्पीकरवरून. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. डोळे वाईट नव्हते… याचा तिला आणखीच राग आला.

"तुमची कवळी माझ्या घरात बोलतेय!"

"कवळी नाही हो बोलत. ती घातली की बाबा बोलतात."

"दात काढू नका!"

"धंदाच तो आहे…"

दोष खरं तर तिच्या आईचा. शेजाऱ्यांचं इंटरनेट येईपर्यंत आईने वाटीभर साखर द्यावी तसा वायफायचा पासवर्ड देऊन टाकला होता. तेव्हापासून दोन्ही घरांचे स्पीकर एकाच नेटवर्कवर गुण्यागोविंदाने नांदत होते. कुणी 'सगळ्या खोल्या' निवडल्या, की मधल्या भिंतीला कुणी विचारत नसे. आज बाबा नेमके कुठल्या खोलीत आहेत ते कळेना म्हणून डॉक्टरांनी नेमकं तेच निवडलं होतं.

ती कपाटात परतली. "मला तुझ्याशिवाय—"

"बाबा, कवळी फ्रिजमध्ये आहे!"

आता मात्र तिचं डोकं फिरलं. तिने फोन उचलला, 'सगळ्या खोल्या' दाबलं आणि कडाडली, "अहो! ऐकताय का?"

परक्या माणसाला 'अहो' म्हणायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. पण ही हाक दोन घरांच्या एकूण एक खोल्यांत घुमली, की तिचा अर्थ बदलतो.

"अरे, सूनबाई हाक मारतेय," भिंतीपलीकडून वडील ओरडले. "ओ दे की, मठ्ठा!"

स्वयंपाकघरातून आई धावत आली. "लग्न ठरवलंस, आणि आईला स्पीकरवरून कळवतेस?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात डॉक्टर, मास्क काढलेला, कान लाल.

"माफ करा. आत्ता वेगळे करतो स्पीकर. मिनिटाचं काम आहे."

"मिनिटाचं? मग इतके दिवस का नाही केलंत?"

तो घुटमळला. "तुम्ही वाचलेलं परत सगळ्या खोल्यांत लावून ऐकता ना… ते आमच्याकडेही वाजतं. बाबांना त्या नायिकेची काळजी लागलीय. पेशंट दाढ काढून झाली तरी उठत नाहीत. आणि मी… वेगळे केले असते, तर तुमचा आवाज गेला असता."

"म्हणजे चोरून ऐकत होतात!"

"चोरून कसं? चार खोल्यांत ऐकत होतो."

तिने दार आपटलं. आईला "एक शब्द बोलू नकोस" म्हणाली, कपाटात शिरली आणि दातओठ खात अख्खं प्रकरण एका दमात वाचलं. मग लावून ऐकलं, हेडफोनवर. आवाजात धग होती, कंप होता, नायिका चक्क जिवंत झाली होती. फक्त ऐन मोक्याला ती म्हणत होती, "मला तुझ्याशिवाय करमत नाही, डॉक्टर!"

कादंबरीचा नायक नावाडी होता.

तिने तेवढं वाक्य नव्याने वाचून जोडलं आणि प्रकरण पाठवलं. बाईंचा निरोप आला: 'आत्ता कुठे जीव ओतलास. पुढचं पुस्तक तुझंच.'

चुकलेलं वाक्य फोनमध्ये उरलं. पुसावं… की नको? स्पीकरच्या यादीत 'दवाखाना' अजून दिसत होता. मिनिटाचं काम, आणि गाढवाने अजूनही केलं नव्हतं! भयंकर चिडून तिने 'सगळ्या खोल्या' दाबलं.

पलीकडचं ड्रिल थांबलं. मग बेल वाजली.

"हे… पुस्तकात आहे?" त्याने धापा टाकत विचारलं.

"पुस्तकात नावाडी आहे!" ती खेकसली, आणि त्याला आत यायला वाट दिली.