धूमकेतूला अत्तर नको

साबणाच्या कारखान्यातली मालाची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. एक उंच चष्मेवाला छातीशी डबा धरून आत शिरला, आणि दार लागायच्या आत कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईने सांगून टाकलं, "तुमच्या डब्यात अंडं सडलंय."

"सडलं नाही... सडवलंय," तो म्हणाला. "आठ दिवस लागले."

हसावं की उतरून जावं, तिला ठरवता येईना.

कारखान्यात तिला सगळे नाकू म्हणायचे. काम वास मिसळायचं. अकरा वर्षं ती साबणात गुलाब आणि लिंबू ओतत होती. खरं बोलायचं तर गोड वासाचा धंदा हा घाण झाकायचा धंदा. चरबीचा दर्प गिऱ्हाइकाला कळू नये, याचाच पगार. त्यात एका गोडबोल्याने तिची तीन वर्षं खाल्ली होती. तेव्हापासून गोड म्हटलं की तिचं डोकं उठायचं.

चष्मेवाला तारांगणातला होता. लोकांना अंधारात बसवून घुमटावर ग्रह दाखवायचा, आणि आज तिलाच शोधत आला होता. त्याने सांगितलं ते असं : एक यान दहा वर्षं प्रवास करून एका धूमकेतूपाशी पोचलं. यानावरच्या यंत्राने तिथला वायू चक्क हुंगला आणि यादी धाडली. सडक्या अंड्याचा वायू, तबेल्यातला अमोनिया, काडी ओढल्यावरचा गंधक, बेडूक बुडवून ठेवतात ते फॉर्मॅलिन, कडू बदामाच्या वासाचं जालीम विष. बाकी बर्फ आणि काळीकुट्ट धूळ. नव्या दालनात लोकांना हा वास द्यायचा होता, अर्थात विषं वगळून.

"आणि या सगळ्या घाणीत," घरातलं गुपित सांगावं तसा आवाज उतरवून तो म्हणाला, "ग्लायसिन सापडलं. आपलं अंग ज्या विटांनी बांधलंय, त्यातली एक वीट."

लिफ्ट केव्हाच थांबली होती. दोघंही उतरली नव्हती.

मालकांनी वीस दिवस दिले, कामाची वेळ संपल्यावर रोज दोन तास. तो यायचा, खुर्ची उलटी करून बसायचा आणि ती थेंब मोजायची. नाक थकलं की ती स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगायची. आपल्याच कातडीचा वास घेतला की नाक पुन्हा कोरं होतं. पहिल्यांदा त्याने पाहिलं तेव्हा विचारलं, रोज अशाच लाजता का? ती म्हणाली, लाजायला तोंड लपवावं लागतं, मी नाक धुतेय.

मग त्याचा रोजचाच प्रश्न झाला. दारात उभा राहून विचारायचा, आज माझा वास कसला? ती न बघता सांगायची – खडू, ओला लोकरी मोजा, बसमधला शेजारी, आणि दुपारचं बटाट्याचं सॅण्डविच, तेही अर्धंच, कारण भूक नव्हती. तो म्हणायचा, भूक का नव्हती तेही हुंगा. ती थेंब मोजायला चुकायची... पुन्हा एकपासून.

पंधराव्या दिवशी त्याने विचारलं आणि तिला कसलाच वास आला नाही. खडू नाही, मोजा नाही. नाक गेलं तर पोटावर पाय! तिने कोपर हुंगलं, मग झरझर सगळ्या बाटल्या. सगळं येत होतं. फक्त तोच येत नव्हता.

"खडू," ती खोटं बोलली. रोज तेच बोलत राहिली.

विसाव्या दिवशी तो आला आणि बसलाच नाही. म्हणाला, तारांगणाचे संचालक म्हणतात, लोक बायकामुलं घेऊन येणार, त्यांना ओकारी येईल. थोडं... लॅव्हेंडर घालता येईल का?

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तो चष्मा पुसत राहिला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दोन बाटल्या भरल्या, एक खरी, एक गोड, आणि त्याच्यापुढे आदळल्या. "दहा वर्षं ते यान मर मर धावलं, ते खरं काय ते कळावं म्हणून. आता त्याला अत्तर फासायचं? रविवारी मी रांगेत उभी राहीन. कुठली उघडलीत ते मला जिन्यातच कळेल. तुम्ही कोण आहात, तेही."

चार दिवस तो फिरकला नाही. तिने लिंबाच्या साबणात गुलाब ओतला. चहात मीठ घातलं. आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, बये, ज्याच्याशी भांडलीस त्याच्याशीच जाऊन बोल, माझ्या चहाने काय घोडं मारलंय?

रविवारी सकाळी ती तारांगणाचा जिना चढली. पाचव्या पायरीला थबकली. अंडं... तबेला... काडी. खरी!

वर नाकाला रुमाल लावलेली माणसं शी शी करत हसत होती आणि पुन्हा हुंगायला रांगेत शिरत होती. तो दाराशी उभा होता. खिशातून कागदाचं टोक डोकावत होतं. संचालकांनी खुलासा मागितला होता, बहुतेक बदली. तो म्हणाला, होऊ दे. मग सवयीने, जरा घाबरतच, विचारलं, "आज माझा वास कसला?"

ती कोपर नाकाशी नेऊन थांबली.

"शेवटचे पाच दिवस मी खोटं सांगत होते," ती म्हणाली. "तुमचा वासच येत नव्हता मला. स्वतःच्या घराचा येत नाही ना... तसा."

त्याच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या.

"आणि आज?"

"आज येतोय. चार दिवस बाहेर राहून घराचं दार उघडावं, तसा भसकन." तिने त्याच्या बाहीला धरलं. "मला नकोय तो. येईनासा झाला पाहिजे. रोज या."