वळणपट

केतकीचा सुटकेचा अर्ज तिसऱ्यांदा फेटाळला गेला. कारण एका ओळीचं होतं: बदल शंभरात अकरा, हवा तीस.

सायली तो कागद घेऊन तडक डॉक्टर पेठ्यांच्या खोलीत शिरली. इस्त्रीचं दुकान चालवणारी बाई ती, दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड वाजवायची. पण मुलीच्या या सुधारगृहात पाऊल टाकलं की तिची बोबडी वळायची. आज मात्र वळली नाही.

"अकरा म्हणजे काय ते मला नीट सांगा," ती म्हणाली. "पोरगी दोन वर्षं शहाण्यासारखी वागतेय. कुणाला नखसुद्धा लावलं नाही तिने."

"वागणं आम्ही धरतच नाही, ताई. ते नाटकही असू शकतं."

चांगलं वागून सुटायचे दिवस केव्हाच गेले होते. आता दाखल होतानाच मुलाचा वळणपट काढत, म्हणजे मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा. यंत्राखाली बसवून चार तास चित्रं, आवाज, वास यांचा मारा करायचा आणि कशाने कुठल्या पेशी जाग्या होतात ते टिपायचं. सुटकेच्या वेळी पुन्हा तेच, आणि मग दोन्ही पट एकमेकांवर ठेवून बघायचे. कायद्याचा हिशेब सरळ होता. जिने रागाच्या भरात वर्गातल्या मुलीच्या डोक्यात दगड घातला, ती केतकी बाहेर सोडायची नाही. तिची दुसरी कुणी झाली की सोडायची.

"रविवारी भेटीला येता तेव्हा काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

सायली खुलली. डब्यात थालीपीठ आणि लसणाची चटणी. स्वतःच्या अंगात दर वेळी तोच हिरवा ड्रेस, केतकीला दाखल करायच्या दिवशी घातलेला. मग तेल लावून दोन वेण्या, आणि गल्लीतल्या बातम्या, त्याही कोपऱ्यावरच्या घरापासून ओळीने. "ओढू नकोस गं," असं केतकी करवादायची आणि डोकं मागे आईच्या गुडघ्यावर टाकून द्यायची. "घर विसरायला नको तिने," सायली म्हणाली. "मी काहीएक बदलू दिलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कपड्याची जुनी घडी मोडायची असेल तर काय करता?"

"पाणी मारते, आडवी इस्त्री फिरवते."

"आणि दर आठवड्याला त्याच घडीवर फिरवली तर?"

"आणखी पक्की बसते," सायली म्हणाली.

"मेंदूचंही तसंच," डॉक्टर म्हणाले. "वापरातली जोडणी पक्की होते, न वापरलेली विरते. चौदा महिन्यांनी ती अठराची होईल. तोवर तीस झाले नाहीत तर मोठ्यांच्या तुरुंगात नऊ वर्षं. तुम्ही येऊ नका. आणि का येत नाही तेही कळवू नका. कळलं तर ती वाट बघेल, आणि वाट बघणं हीसुद्धा जोडणीच असते."

त्या रविवारी सायलीने थालीपीठ थापलं, भाजलं आणि तव्यावरच करपू दिलं. पुढच्या रविवारपासून ती दुकान उघडं ठेवू लागली. आपण पोरीला वाचवतोय, असं ती स्वतःला रोज सांगायची. रोज सांगावं लागायचं.

तेराव्या महिन्यात निरोप आला: बदल चौसष्ट. न्यायला या.

डॉक्टरांनी दोन्ही पट पडद्यावर दाखवले. बदललेल्या जागा लाल होत्या.

"यात राग कुठे असतो?" सायलीने विचारलं.

त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तो पांढरा होता. "इथे विशेष फरक नाही."

"मग चौसष्ट कशाचे?"

डॉक्टरांनी लाल जागांवरून बोट फिरवलं. "तुमचा आवाज. तेलाचा वास. घर. बहुतेक हेच. यंत्र नुसती बेरीज करतं, ताई. काय बदललं हे कायदा विचारत नाही."

कारकुनाने पिशवी टेबलावर उलटी केली. चप्पल एक जोड. केसांचं हिरवं रबर. घड्याळ, काच तडकलेली. "दिलं तसंच परत मिळालं, इथे सही," तो म्हणाला. "आणि मूल ओळखून ताब्यात घेतलं, इथे दुसरी."

केतकी दारात येऊन उभी होती. सायलीने तिला छातीशी धरलं. ती धरू देत उभी राहिली. बाकावर बसवून सायली तिची वेणी घालायला लागली. मुद्दामच एक बट जोरात ओढली.

"दुखलं का गं?"

"नाही. ठीक आहे." केतकी ताठ बसून होती. डोकं मागे आलं नाही.

"बाई, सही," कारकून म्हणाला. सही केली नसती तर पोरगी पुन्हा आत गेली असती. सायलीने दोन्हीकडे सह्या केल्या.

फाटकाबाहेर एकच रिक्षा उभी होती. "इथली पोरगी मी नाही बसवत," रिक्षावाला केतकीकडे बघत म्हणाला. केतकीची मान ताठरली. उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा आत दाबून, चार वर्षांची असताना वळायची अगदी तशीच. नजर रस्त्याकडेच्या दगडांवर गेली.

सायलीला भीती वाटायला हवी होती. तिने ती मूठ दोन्ही हातांत घट्ट धरली. त्या अख्ख्या पोरीत तिला ओळखीचं तेवढंच सापडलं होतं.

"चल, चालत जाऊ," ती म्हणाली. घर येईपर्यंत तिने ती मूठ सोडली नाही, आणि ती उघडू नये असंच तिला वाटत राहिलं.