चाळीस मिनिटांचा रस्ता

जुन्या विमानतळावरून नव्या विमानतळाला जायला किती लागतं, असं कुणी विचारलं की ती ‘चाळीस मिनिटं’ एवढंच म्हणायची. अंतर सांगायचं नाही, ही सगळ्या व्हॅनवाल्यांची रीतच होती. किलोमीटर सांगितले की प्रवासी मोजत बसतात आणि डोकं खातात. त्यापेक्षा वेळ सांगावी आणि पाळावी. ती इतक्या हट्टानं पाळायची की बाकीचे ड्रायव्हर तिला चाळीसताईच म्हणत.

त्या दुपारी व्हॅनमध्ये एकच बाई चढली. कुशीत दुपट्यात गुंडाळलेली मुलगी होती, अजून मानही न सावरलेली.

“पुढचं विमान चुकलं तर संपलंच, ताई. बाबा अतिदक्षता विभागात आहेत. नातीचं तोंड पाहायचं म्हणून तग धरलाय त्यांनी. पोचू ना?”

“चाळीस मिनिटांत सोडते. माझा शब्द.”

रस्ता तिच्या पायाखालचा होता. अर्ध्यावर पाण्याची उंच टाकी लागते आणि पुढच्या वळणावर नव्या विमानतळाचा मनोरा दिसतो. टाकी मागे पडली, वळण आलं. वळणापलीकडे टाकी उभी होती.

आपला डोळा लागला की काय, म्हणून तिनं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. वळण घेतलं. पुन्हा टाकी. समोरच्या घड्याळातला आकडा हलत नव्हता. किलोमीटरचे आकडे मात्र भराभर पुढे जात होते.

“ताई,” मागून बाईचा आवाज आला, “ही टाकी मघाशी...”

“होय. मागे फिरवू का?”

बाईनं मुलीला छातीशी घट्ट धरलं. “नको. बाबा थांबलेत.”

“मग नाही फिरवत,” चाळीसताई म्हणाली आणि दात-ओठ खात तिनं गिअर टाकला. या रस्त्याला किती लांब व्हायचंय ते होऊ दे, पण दिलेला शब्द ती मोडणार नव्हती.

टाकी येत राहिली, जात राहिली. ऊन जागचं हललं नाही. मागे मुलगी रडली, मग दूध प्यायली. मग तिचे हुंकार ऐकू येऊ लागले. चाळीसताईचे डोळे रस्त्यावरून हटत नव्हते.

मागे कुणीतरी बोबडं बोललं.

नंतर सीटच्या पाठीवर पाय आपटल्याचे आवाज आले.

“नको गं, ताईंना लागेल,” बाई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता.

“बरं,” उत्तर आलं. स्पष्ट.

 मागचं दिसू नये म्हणून चाळीसताईनं आरसा वर फिरवून टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून धरला.

वळणापलीकडे मनोरा दिसला.

विमानतळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती, एकही जास्त नाही. विमान अजून फलकावर होतं, आत जायचं दार उघडं होतं. 

आधी बाई उतरली. मग आईची ओढणी अंगाभोवती गुंडाळलेली एक मुलगी पायरीवरून आपली आपण उतरली. बाईनं तिच्याकडे एकदाच पाहिलं.  रडायला वेळ नव्हता. तिनं मुलीचा हात घट्ट धरला.

“पळ. आजोबा वाट बघतायत.”

दोघी पळत आत गेल्या.

 चाळीसताई व्हॅन झाडायला मागे गेली. सीटच्या फटीत दुधाचा एक दात पडला होता.