डावीकडचं दाखवणारी काच

डोंगराच्या धारेवरून माथ्यावरच्या दगडांच्या राशीपर्यंत जायचं, तेही दोराच्या पुढच्या टोकाला, आणि वाटेत कुणी ताईला एका शब्दानेही सावध करायचं नाही. मोहीम एवढीच! जमलं तर तिचं वाटाड्याचं काम तिला परत मिळणार होतं. नाहीतर जन्मभर तळावर तंबूच्या खुंट्या ठोकत बसायचं.

ताईचा डावा डोळा याच डोंगराने घेतला होता, दगडाची कपची उडून. तेव्हापासून तिचा धाकटा भाऊ दोरावर तिच्या मागे असायचा आणि "डावीकडे खड्डा! डावीकडे कपार!" असं ओरडत राहायचा. एकदा मुकादम, म्हणजे सगळ्या वाटाड्यांचा म्होरक्या, चारचौघांत म्हणाला, "वाट दाखवणारीलाच वाट दाखवायची, मग हिला पुढे ठेवायचं कशाला?" लोक फिदीफिदी हसले. ते हसू ताईच्या मनात अजून सलत होतं.

मोसम संपला की धाकटा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. तिथेच त्याने हा चष्मा घडवला. उजव्या काचेत, नाकाच्या बाजूला, तिरक्या काचेचा एक तुकडा बसवला. डावीकडचं जे जे नाकाआड लपायचं, ते त्या तुकड्यात उमटायचं. पहिले काही दिवस ताई दारांना आणि टेबलांना धडकत सुटली. मग सवय झाली, आणि एक दिवस ती भर गर्दीतून एकटी फिरून आली, कुणाला धक्काही न लावता. घरी येऊन ती रडली होती.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," मुकादम चष्मा बोटांत फिरवत म्हणाला. "तुला देवाने एक ठेवला, भावाने अर्धा दिला. बघू दीड डोळ्यात किती डोंगर मावतो!" मग तो धाकट्याकडे वळला. "आणि तू तोंडाला कुलूप घाल. एक शब्द फुटला की ही नापास."

उजाडताच तिघं निघाले. पुढे ताई, मध्ये धाकटा, शेवटी मुकादम. पहिल्याच घळीत डावीकडून एक धोंडा सुटला. काचेच्या कोपऱ्यात तो हलला. ताई खाली बसली. धोंडा डोक्यावरून गेला! "चल पुढे," मुकादम म्हणाला, आणि तेवढंच ताईला शाबासकीहून गोड लागलं.

घळ संपली तशी धार सुरू झाली. दोन्हीकडे उतार इतका खोल की खालची नदी पांढऱ्या दोऱ्याएवढी दिसत होती. समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, दगडांची रास उभी होती. तेवढ्यात वारा फिरला आणि भुरभुरता बर्फ तोंडावर येऊ लागला. तिरक्या काचेच्या खाचेत तो घट्ट बसला. डावी बाजू पुसली गेली.

थांबून काच पुसायची, बस्स! पण थांबलं की मुकादम म्हणणार, बघा, काच कुचकामी. ताई थांबली नाही.

धाकट्याला मागून दिसत होतं. डावीकडे बर्फाच्या कडेला भेग गेली होती, आणि ताईचा पाय नेमका तिकडेच वळत होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

कड तुटली! ताई गेली!

दोर ताणला. धाकटा पालथा पडला, फरफटला. दोन खडकांमध्ये त्याचा पाय अडकला आणि कडकन मोडला. पण दोर थांबला! मुकादमाने मेख ठोकली, दोर गुंडाळला आणि दात आवळून ताईला वर ओढलं.

"तुला दिसलं होतं?" वर येताच तिने भावाला विचारलं.

"हो."

"मग?"

"तू नापास झाली असतीस, ताई."

त्याच्या एक मुस्कटात द्यावी असं तिला वाटलं. आणि एक स्वतःच्याही, कारण काच पुसायला तीही थांबली नव्हती.

"घास तोंडाशी आलाय," मुकादम राशीकडे बघत म्हणाला. "आपण दोघं शिवून येऊ. हा बसेल इथे."

"जा ना, ताई," धाकटा म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते, आणि आभाळ काळं होत चाललं होतं.

ताईने राशीकडे एकदा डोळा भरून पाहिलं. "खाली चला," ती म्हणाली.

धाकट्याला मुकादमाने पाठीवर घेतलं, तेव्हा पुढे चालणार ताईच. दर वळणावर ती थांबली, हातमोजा काढला, काच पुसली. धुक्यातून, निसरड्या घळीतून तिने दोघांना तळावर आणलं. उतरताना कुणालाही साधं खरचटलंसुद्धा नाही.

मुकादमाने धाकट्याला तंबूपाशी उतरवलं. "असं उतरवणं मलाही जमलं नसतं," तो धापा टाकत म्हणाला. "पण अट राशीपर्यंतची होती, बाई."

ताईने कमरेचं दोराचं टोक सोडलं, त्याच्या हातात दिलं आणि ती तंबूकडे वळली.

"डावीकडे खुंटी!" मागून धाकटा ओरडला.

खुंटी तिला केव्हाच दिसली होती.

"आता ओरड," ताई म्हणाली. "आता ओरड हवं तेवढं."